पाकिटावरची बाई

माय, तू गेल्यावर मी तुला कधी काही लिहिलं नाही. तू होतीस तेव्हाही लिहायची वेळ आली नाही. आपण एकाच घरात राहत होतो आणि काही सांगायचं असलं की तू पाट्यावर डाळ वाटता वाटताच हाक मारायचीस. आता मी तुझ्या शेवटच्या वयाच्या कितीतरी पुढे निघून आले आहे. केस विंचरताना कधी आरशात पाहते तर तुझी थोरली बहीण समोर बसल्यासारखी वाटते. म्हणून आज जरा बरोबरीच्या नात्यानं बोलते. वाईट वाटून घेऊ नकोस.

मी सध्या काय करते ते आधी सांगते. नागपूरच्या नंदनवन भागात आणि आजूबाजूला ज्या बाया घरून छोटे छोटे धंदे करतात, कोणी केक करतं, कोणी ब्लाउज शिवतं, कोणी चिवडा-चकली, त्यांचे धंदे मी इंटरनेटवर चढवून देते. हे तुला कसं समजवावं? टेलिफोन आता हातात मावतो, त्याला तार नसते, आणि त्याला एक काच असते. त्या काचेवर दुकान दिसतं. माल दिसतो, भाव दिसतो, दुकानाकडे जायचा रस्तासुद्धा दिसतो. तुला सिनेमातली स्लाइड आठवते ना, इंटरवलमध्ये पडद्यावर यायची ती? तसंच आहे हे, फक्त आता ती स्लाइड प्रत्येकाच्या हातात असते आणि इंटरवल कधी संपत नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी हे सगळं शिकले. बाया मला मॅडम म्हणतात, काही मावशी म्हणतात. कोणाच्या ओट्यावर, कोणाच्या स्वयंपाकघरात बसून मी त्यांना फोटो कसा काढायचा, गिऱ्हाइकाला उत्तर कसं द्यायचं, हे दाखवते. स्वयंपाकघरात बसले की तू आठवतेस. आणि तू आठवलीस की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

हे काम मला नवं नव्हतंच. बाबा गेल्यावर खापरखेड्याचं पॉवर स्टेशनचं क्वार्टर सोडावं लागलं आणि आपण इकडे दोन खोल्यांत आलो, त्यानंतर मी बी.कॉम. झाले आणि सदरमधल्या एका जाहिरातीच्या ऑफिसात लागले. ऑफिस म्हणजे जिन्यावरची एक खोली, दोन टेबलं, एक टेलिफोन, आणि मागच्या अंगाला बसून काचेवर अक्षरं रंगवणारा पेंटर. छोट्या दुकानदारांसाठी आम्ही सिनेमाच्या स्लाइडी करायचो, हँडबिलं छापून पेपरात घालायचो, रिक्षाला भोंगा लावून मोहल्ल्यामोहल्ल्यातून फिरवायचो. दुकानदारांना हे पटवायचं काम माझं. सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं. पुष्कळ दुकानदारांना जाहिरात म्हणजे श्रीमंतांचं खूळ वाटायचं. तो एक शिंपी तुला फार आवडायचा, ज्याच्या गोष्टी मी संध्याकाळी येऊन सांगायची. तो म्हणायचा, "बाई, अख्खं सदर माह्या दुकानासमोरून जाते. सिनेमात कायले सांगू का मी इथं बसून राहिलो म्हणून?" मी म्हणायची, "काका, जे समोरून जात नाहीत त्यांच्यासाठी." बरेच दिवस तो नुसता हसला. शेवटी त्यानं स्लाइड केली, लग्नसराईत त्याच्याकडे कोट शिवायला नवरदेवांची रांग लागली, आणि त्यानं ऑफिसात संत्र्याची बर्फी पाठवली. त्यातला एक तुकडा मी रुमालात बांधून तुझ्यासाठी आणला. तू तो खाल्ला नाहीस लवकर, आधी विचारलंस, "मंग आता त्याचं नाव सगळ्यायले माहीत झालं?" मी म्हटलं, हो. तू मान हलवलीस आणि मग बर्फी तोंडात टाकलीस.

त्याच दिवसांत मी आणखी एक गोष्ट शिकले. ती मला कोणी शिकवली नाही. दुकानात गेले की मी माझं कार्ड पुढे करायची. दुकानदार नाव वाचायचा आणि त्याची नजर आडनावावर येऊन जराशी थांबायची. तेवढंच. बहुतेक वेळा पुढे काही व्हायचं नाही, चहाही यायचा. पण ती थांबलेली नजर मला दिसायची, आणि काही महिन्यांनी तर ती थांबायच्या आधीच मला दिसायला लागली. घरी येऊन तुला मी शिंप्याच्या गोष्टी सांगायची, ही गोष्ट सांगितली नाही.

तुझ्या मुंगवड्या खापरखेड्याच्या कॉलनीत प्रसिद्ध होत्या. भिजवलेली मुगाची डाळ, आलं, मिरची, सांबाराची हिरवी जुडी, सगळं पाट्यावर वाटून तू बाजेवर धुतलेलं लुगडं पसरायचीस आणि त्यावर बोटांनी वड्या सोडत जायचीस. नागपूरचं ऊन त्या वाळवून द्यायचं, आणि तू पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायचीस. कॉलनीतल्या काही घरांनी त्या कधीच घेतल्या नाहीत, ते तुलाही ठाऊक होतं. पण ज्यांनी घेतल्या त्या तुझं नाव घेऊन मागायच्या. दुकानातल्या वड्या वेगळ्या आणि तुझ्या नावाच्या वड्या वेगळ्या.

आणि ते नाव लिहायला तुला मी शिकवलं होतं. मी तिसरीत असेन. क्वार्टरच्या खिडकीवर पॉवर स्टेशनच्या कोळशाची भुकटी रोज बसायची, रोज पुसायला लागायची. पुसायच्या आधी तू तीत बोटानं तुझं नाव लिहून पाहायचीस आणि मला विचारायचीस, "बरोबर हाय का वं?" मी मास्तरणीसारखी मान वाकडी करून पाहायची. कधी वेलांटी उलटी, कधी काना राहिलेला. मी सांगायची, तू ती सगळी ओळ तळहातानं पुसून पुन्हा लिहायचीस. तुझं, मग बाबांचं, मग आडनाव. बाबा ड्यूटीवरून येऊन खिडकीपाशी थांबायचे, वाचायचे, आणि पाय धुवायला जायचे. त्यांना किती बरं वाटायचं ते मला फार उशिरा समजलं.

पाकिटांची कल्पना माझीच. मी म्हटलं, "माय, इतके लोकांचे धंदे वाढवून राहिली मी, तुह्या वड्या काहून पिशवीतून विकायच्या? आपण पाकिटं करू. स्लाइड करू." तू पाटा धूत होतीस. तू विचारलंस, "पाकिटावर माहं नाव टाकशीन?" मी म्हटलं, "टाकू न." तू हात पुसून माझ्याजवळ येऊन बसलीस आणि म्हणालीस, "पूर्ण टाकजो. अन् खाली लिहिजो, खापरखेडावाली. म्हणजे त्या बायायले समजन का हे तेच होय." मी हो म्हटलं. तेव्हा मी खोटं बोलत नव्हते, माय. ते मला अजूनही खरं वाटतं.

मग मी ऑफिसात पेंटरच्या टेबलाशी बसले. तो मजकूर मागत होता. मी कागदावर तुझं नाव लिहिलं, आणि मला सदरमधल्या सगळ्या दुकानदारांच्या नजरा एकदम दिसल्या, त्या ओळीच्या शेवटी येऊन थांबलेल्या. मी तो कागद बाजूला ठेवला. दुसऱ्या कागदावर एका देवीचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, गृहउद्योग. पेंटर म्हणाला, बाईचं चित्र टाकू का? मी म्हटलं, टाका. त्यानं नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात सूप अशी एक गोरी बाई काढली. मला ते कोणी करायला सांगितलं नव्हतं. आमच्या साहेबांना मी विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित ते म्हणाले असते, आईचंच नाव टाका. ही शक्यता मला आजवर छळते. कोणी हात धरून माझ्याकडून ते करवून घेतलं असतं तर मला त्याला दोष देता आला असता.

छापून आलेली पाकिटं मी घरी आणली तो दिवस. तू एक हातात घेऊन दाराच्या उजेडाकडे धरते आहेस. पिवळ्यावर लाल अक्षरं.

"हे कोण बाई हाय वं?"

"कोणी नाही, माय. चित्र आहे."

"अन् हे नाव?"

"असं नाव असलं का लोक पटकन घेतात."

तू पाकीट उलटं करतेस. मागे ऑफिसचा टेलिफोन नंबर आहे, बाकी काही नाही. तू पुन्हा पुढची बाजू पाहतेस. ज्या वर्षी मी तुझ्या पोटात होते त्या वर्षी, छप्पनच्या साली, दीक्षा घेतल्यावर तू आणि बाबा घरातले सगळे देव कन्हानच्या पात्रात सोडून आला होतात. ही गोष्ट तू मला किती वेळा सांगितली होतीस, हसत, की पाण्यात पाय घसरला तेव्हा बाबा म्हणाले, पाहा, जाता जाता राग काढून राहिले. आणि आता मी त्यातलीच एक देवी परत आणून तुझ्या वड्यांवर बसवली होती.

"माहं नाव लांब झालं असन," तू म्हणालीस.

मी म्हटलं, "हो, माय. मावत नव्हतं."

तू मला वाट करून दिली होतीस आणि मी त्या वाटेनं निघून गेले. संध्याकाळी तू नेहमीसारखी भाकरी केलीस. मला दोन वेळा वांग्याची भाजी वाढलीस.

स्लाइड पाहायला मी तुला सीताबर्डीवरच्या टॉकीजला दुपारच्या खेळाला नेलं. पडद्यावर आधी दातांच्या पावडरीची स्लाइड आली, मग आपल्या शिंपीकाकांची, आणि मग ती नथवाली बाई. मागच्या रांगेत कोणीतरी म्हणालं, हे आणून पाहू एकदा. मी तुझ्याकडे पाहिलं. अंधारात तू पदर सारखा करत होतीस, जसं काही लोक आता वळून तुझ्याकडेच पाहणार आहेत. मग दुसरी स्लाइड आली, पंख्यांची की कशाची, आणि तुझा हात मांडीवर खाली आला. पिक्चर कोणता होता ते आपल्यापैकी एकीलाही नंतर आठवलं नाही.

माल खपला. हे मी नाकारत नाही, आणि तूही कधी नाकारलं नाहीस. सदरमधल्या एका मोठ्या किराणा दुकानानं पाकिटं ठेवली. दुकानदारानं विचारलं, "मॅडम, घरगुती आहे ना? कोणाकडचं?" मी म्हटलं, "ओळखीच्या एका घरी बनतं." त्यानं पुढे विचारलं नाही. पुढे दुसरी दुकानं आली, वस्तीतल्या बाया तुझ्या हाताखाली आल्या, अंगणात बाजांची गर्दी झाली. तू त्यांना वडी कशी सोडायची ते शिकवायचीस. त्यांच्या घरात त्या वड्यांनी पैसा आला, एकीनं पोराला आयटीआयला घातलं. तुला त्याचा आनंद होता. मीही ऑफिसात मिरवायची की पाहा, आमच्या स्लाइडीनं एक धंदा उभा केला. कोणाचा, ते मात्र सांगायची नाही.

मग तो हिवाळ्यातला बायांचा मेळावा. एका शाळेच्या मैदानावर स्टॉल लागले होते. मी तुला सकाळी म्हटलं होतं की मी एकटी सांभाळीन, पण दुपारी तू आलीस. गर्दी आहे, पोरीला हातभार लागेल म्हणून आलीस. तू ती पांढरी साडी नेसली होतीस, जी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाताना नेसायचीस. आल्या आल्या पाकिटं लावायला घेतलीस. एक बाई आल्या, सदरच्या दुकानातून नेहमी आपला माल नेणाऱ्या. फार मोकळ्या, चांगल्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी पाकिटावरच्या चित्राकडे पाहिलं, मग तुझ्याकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "या बनवतात का?"

माय, मी त्या क्षणाकडे पुष्कळ वेळा परत गेले आहे. त्या बाईंच्या आवाजात काही नव्हतं. सहज विचारलं होतं त्यांनी. आणि मी म्हटलं, "नाही, बनवणाऱ्या बाई घरी असतात. ह्या आमच्याकडे कामाला आहेत."

तुझे हात थांबले नाहीत. तू रांगेतलं पाकीट सरळ केलंस. त्या बाई तुझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या बाईंच्या हाताला फार चव आहे हो, सांगा त्यांना." तू मान वर करून म्हणालीस, "सांगतो जी."

परत येताना सायकलरिक्षात आपण दोघी बसलो होतो, मध्ये उरलेल्या मालाचं खोकं. बराच रस्ता गेल्यावर तू म्हणालीस, "मंग मले पगार काय देशीन?" तू हसत होतीस. मीही हसले. मी जे बोलले त्याची लाज मला वाटतेच, पण त्या हसण्याची जास्त वाटते. तू मला रिक्षात रडायची संधी दिली होतीस आणि मी ती हसण्यावारी नेली.

त्यानंतर तू खापरखेड्याला जायला लागलीस. पाकिटांचं काम बायांच्या हाती देऊन तू स्वतःच्या हातानं थोड्या वड्या वेगळ्या करायचीस, कापडी पिशवीत भरायचीस, आणि एस.टी. धरून कॉलनीत विकायला जायचीस. मला ते अजिबात समजेना. दुकानातून माल उडून राहिला आणि ही बाई उन्हातान्हात दारोदार जाते. मी चिडून म्हटलं, "काहून जाते माय तू? काय कमी हाय आता?"

तू म्हणालीस, "कमी काई नाही. तिथं मले हाक मारते वं कोणी."

मी त्याचा अर्थ असा लावला की तुला जुन्या मैत्रिणींची आठवण येते. म्हणजे मी स्वतःला तसं सांगितलं.

त्या मे महिन्यात ऊन नेहमीसारखंच होतं. नागपुरात कोण उन्हाला घाबरून घरी बसतं? तू डोक्याला ओला दुपट्टा बांधून गेलीस. येताना एस.टी. वेळेवर मिळाली नाही, तू कुठपर्यंत तरी पायी आलीस, मग कोणीतरी ट्रकवाल्यानं आणून सोडलं. मी ऑफिसातून आले तेव्हा तू भिंतीला टेकून बसली होतीस आणि तुझ्या अंगाला हात लावला तर तवा. शेजारच्या बाईनं कांदा चोळला, मी पन्हं पाजायला गेले, ते तुझ्या ओठांवरून खाली गेलं. सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी, नर्सनी त्यांना जमलं ते सगळं केलं. तू एकदा डोळे उघडून मला म्हणालीस, "पिशवी खाली झाली." सगळ्या वड्या विकल्या गेल्या, हे सांगत होतीस. मग तू गेलीस.

खापरखेड्याहून बाया आल्या. मला त्यातल्या थोड्याच आठवत होत्या. त्या तुझं नाव घेऊन रडत होत्या, आणि माझ्या लक्षात आलं की कितीतरी दिवसांत मी ते नाव कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. एक म्हातारी माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "तू तिची पोरगी का? सांगे ते नेहमी. म्हणे, माही पोरगी सदरले ऑफिसात हाय, लोकायचे नावं सिनेमात देते."

लोकांची नावं. हो, देत होते.

मी पुन्हा ऑफिसात गेले त्याच दिवशी किराणा दुकानदाराचा फोन आला. "मॅडम, वड्या संपल्या. केव्हा पाठवता?" मी म्हटलं, "बनवणाऱ्या बाई वारल्या." तो म्हणाला, "अरेरे." खरंच वाईट वाटलं त्याला. मग म्हणाला, "पण दुसऱ्या बाया असतील ना?" मी म्हटलं, "आहेत." तो म्हणाला, "मग हरकत नाही." फोन ठेवला आणि मी एका चपलांच्या दुकानाचं हँडबिल लिहायला घेतलं. समोरच्या टेबलावरच्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, एका पार्टीचा फोन होता. तुझ्यासाठी मी त्या खोलीत रडले नाही, कारण रडले असते तर सांगावं लागलं असतं की ती पार्टी कोण.

धंदा पुढे काही वर्षं बायांनी चालवला. मी तो त्यांच्याच हाती सोडला. नंतर कारखान्यांचा माल चकचकीत पुड्यांत आला, दुकानांनी आपली पाकिटं मागच्या फळीवर सरकवली, आणि एक दिवस ते थांबलं. नथवाल्या बाईसाठी कोणी हळहळलं नाही.

आता इतक्या वर्षांनी बायांची इंटरनेटवरची पानं करून देताना माझा एक नियम आहे. पानावर सगळ्यात वर बनवणारीचा फोटो आणि खाली तिचं पूर्ण नाव. हे झाल्याशिवाय मी पुढे जात नाही. बाया लाजतात, म्हणतात, मॅडम, फुलांचा फोटो टाका ना. मी ऐकत नाही. मी त्यांना सांगते की माणसाचा चेहरा दिसला, नाव दिसलं की गिऱ्हाइकाचा भरवसा बसतो. ते खरंही आहे. त्यांना वाटतं ही धंद्यातली युक्ती आहे.

मागच्या आठवड्यात इथल्याच एका पोरीकडे गेले होते. दिवाळीचा फराळ करते, वर्षभर चिवडा. तिचं आडनाव आपलं नाही, पण ऐकलं की ज्याला समजायचं त्याला समजतं. मी फोटो काढला, नाव लिहिलं, तिला दाखवलं. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, फोटो राहू द्या, नाव राहू द्या. आडनाव काढून टाका."

"काहून?"

"मागच्या दिवाळीले एका बिल्डिंगमधून मोठी ऑर्डर होती. फोनवरून पैसे टाकताना त्यायले माहं पूर्ण नाव दिसलं. थोड्या वेळानं मेसेज आला, पाहुणे येऊन नाही राहिले, राहू द्या. मंग दुसरीचा आला, तिसरीचा आला. सगळ्या मजल्यायचे पाहुणे एकाच दिवशी रद्द झाले, मावशी."

मी तिला पुष्कळ बोलले. लपवायचं नाही, आपण काही चोरी केली नाही, आपल्या आयांनी किती सोसलं. चांगलं बोलले असणार, कारण ती शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर ती म्हणाली, "तुमचं सगळं बरोबर आहे. पण चिवडा तर मी तळून बसली होती न. आम्हीच खाल्ला तो, पार जानेवारीपर्यंत. माह्या पोरांनी चिवड्याचं नाव टाकलं." आणि ती हसली. मग म्हणाली, "काढा, मावशी. माल मले विकायचा आहे."

मी काढलं. बोट एकदा ठेवलं की झालं, पेंटरही लागत नाही. आणि माय, मला वाटलं होतं त्या वेळी मला वाईट वाटेल. मला बरं वाटलं. ओझं वाटून घेणारं कोणी मिळाल्यासारखं वाटलं, की पाहा, इतक्या वर्षांनी, इतक्या शिकलेल्या पोरीलाही हेच करावं लागतं, मग माझं काय एवढं चुकलं? तिच्या गल्लीतून बाहेर येईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं. ऑटोत बसले आणि लक्षात आलं की तिनं स्वतःचं आडनाव काढलं, हिशेब करून, डोळे उघडे ठेवून. मी तुझं सगळंच नाव काढलं होतं, आणि तुला म्हटलं होतं, मावत नाही.

तिच्याकडे आणखी एक झालं, ते सांगून थांबते. मी पर्स उचलली तेव्हा तिनं विचारलं, "मावशी, तुमचंही पान असन ना? मले पाठवा, मी बायायले सांगीन." मी म्हटलं, नंतर पाठवते. पाठवलं नाही. माझं पान आहे, माय. त्यावर माझा हसरा फोटो आहे, केलेल्या कामांचे नमुने आहेत, आणि सगळ्यात वर माझं पहिलं नाव आहे, पुढे मॅडम. बस. मी ते केलं तेव्हा मला कोणी तसं सांगितलं नव्हतं.

आज हे लिहायला बसण्याआधी ते पान उघडलं. मॅडम पुसलं, आडनाव लिहिलं. चांगलं दिसत होतं. थोडा वेळ पाहत बसले, आणि पुन्हा पहिल्यासारखं केलं. सोमवारी धरमपेठेतले एक मोठे दुकानदार यायचे आहेत, त्यांना चार दुकानांची पानं करायची आहेत. ते काम पक्कं झालं की मग लिहीन, असं ठरवलं आहे. मागच्या वेळी आडनाव लिहून पुसलं तेव्हाही असंच काहीतरी ठरवलं होतं.